क्रील, दिविसादेरो की बाविचिवो: 'चेपे' गाडीतून उतरावं कुठं?

मेक्सिकोत चिवावा ते लॉस मोचिस धावणाऱ्या 'चेपे' रेल्वेचं तिकीट काढणं सोपं आहे, मधे कुठं उतरायचं हे ठरवणं अवघड. सहाशे किलोमीटरहून लांब असलेला हा मार्ग १९६१ साली पुरा झाला. वाटेत ८६ बोगदे आणि ३७ पूल आहेत. पण गाडीत बसल्या बसल्या कॉपर कॅन्यन, म्हणजे इथल्या खोल दऱ्यांचा प्रदेश, दिसेल असं समजून जाऊ नका. कड्यालगतचा रूळ बराचसा पाइनच्या रानातून जातो आणि मुख्य दरीचा तळ खिडकीतून दिसत नाही. मुक्काम हवाच.

क्रील सगळ्यात सोयीचं. बँका, स्वस्त खोल्या, चिवावाहून बस, सगळं आहे. उंची सुमारे २,३४० मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा जवळपास सातशे मीटर जास्त. हिवाळ्यात बर्फ पडतं. जवळच आरारेको तळं, अळंबीसारखे खडक आणि रारामुरी या मूळनिवासी लोकांची वस्ती आहे. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. मात्र गावातून दरी दिसत नाही आणि फक्त क्रील पाहून परतलेले लोक हळहळतात.

दिविसादेरोला स्टेशनातून चार पावलं टाकली की थेट कडाच. तीन दऱ्या इथं एकत्र येतात. गाडी थोडाच वेळ थांबते. तेवढ्यात फलाटाजवळच्या चुलींवरची गोरदिता, म्हणजे सारण भरलेली मक्याची जाड भाकरी, जरूर घ्या. शाकाहारी असाल तर घेवड्याच्या सारणातही डुकराची चरबी असू शकते, आधी विचारा. आईवडील सोबत असतील तर मी डोळे मिटून इथलं, किंवा जवळच्या पोसादा बारांकासचं, कड्यावरचं हॉटेल सुचवेन. रोपवे पावणेतीन किलोमीटरचा आहे. खोल्या महाग आणि गाव असं काही नाही.

माझं मन मात्र बाविचिवोकडे ओढतं. स्टेशन साधंच, पण तिथून गाडीरस्त्याने सेरोकावी गाव गाठता येतं. १६८० साली जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंनी वसवलेलं इथलं मिशन एका हिरव्या खोऱ्यात आहे. पुढं सेरो देल गायेगो या डोंगरावरून उरीके गाव दिसतं, खाली नदीकाठी, काडेपेटीएवढं. उरीकेची ही दरी १,८७९ मीटर खोल. समुद्रसपाटीपासून मोजलेली आख्खी कळसूबाई आत उभी केली तरी शिखर काठाला पोचणार नाही. वर थंडीने कुडकुडत निघालेला माणूस घाट उतरून आंबा-पपईच्या झाडांत येतो. हा बदल अंगावर घेतल्याशिवाय दरी कळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. जून २०२२ मध्ये सेरोकावीच्या चर्चमध्येच दोन वृद्ध धर्मगुरूंची गोळ्या घालून हत्या झाली. या डोंगरांत अमली पदार्थांच्या टोळ्या आहेत. निघण्याच्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून परिस्थिती विचारा, अंधारात रस्त्यावर राहू नका, आणि लहान मुलं असतील तर दिविसादेरोवरच समाधान माना.

चेपेच्या दोन गाड्यांपैकी एक्सप्रेस लॉस मोचिस ते क्रील एवढीच धावते, पूर्ण मार्गावर रेजिओनाल जाते. कोणतीही रोज असेलच असं नाही, तेव्हा वार बघूनच खोली ठरवा. सुरुवात लॉस मोचिसकडून केलीत तर वाटेतल्या तेमोरिस स्टेशनाजवळचा वळणांचा चढ उजेडात दिसतो. उन्हाळ्यात उरीके भाजून काढतं, ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. रोख पैसे वरूनच न्या. आणि एका रात्रीसाठी उरीकेत उतरू नका, घाटातच दोन्ही दिवस जातील. दोन रात्री ठेवा, म्हणजे मधला पूर्ण दिवस नदीकाठी मिळेल.