सीव्हीड टॉनिक: काळं, लाल, की आपलं ह्युमिकच बरं?

ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो, सोयाबीन फुलावर असतं, दुपारी पानं माना टाकतात आणि कृषी सेवा केंद्रात टॉनिकची विचारणा सुरू होते. हल्ली त्या टॉनिकवर 'सीव्हीड' म्हणजे समुद्री शेवाळ असं लिहिलेलं नसेल तर गिऱ्हाईक बाटली हातात घेत नाही. मराठवाड्याला समुद्र नाही, पण समुद्री शेवाळ आपल्याकडं नवं नाही. संभाजीनगरच्या किराणा दुकानात मिळणारं चायना ग्रास म्हणजे लाल शेवाळातलं अगार. अर्धापूरच्या केळीची टिश्यू कल्चर रोपंसुद्धा लहानपणी प्रयोगशाळेतल्या बरणीत अगारवरच वाढलेली असतात.

प्रश्न आहे तो फवारणीच्या पंपात काय ओतायचं याचा. दुकानातल्या फळीवर साधारण दोन जातीचं सीव्हीड असतं आणि शेजारीच ह्युमिक ॲसिड. तिन्ही काळपट, तिन्हींवर हिरव्यागार पिकाचा फोटो. आतला माल मात्र निराळा.

पहिलं तपकिरी शेवाळाचं. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं ॲस्कोफायलम नोडोसम. ते उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावर, म्हणजे कॅनडा, आयर्लंड, नॉर्वेकडं खडकांना धरून वाढतं. ते बहुतेक वेळा कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशच्या तीव्र क्षारात) शिजवून त्याचा अर्क काढतात आणि वाळवून काळे चकचकीत फ्लेक्स किंवा पावडर करतात. लेबलवर पालाश दिसतो त्यातला बराचसा या पोटॅशचाच असतो, त्यावर भाळू नये. खरी किंमत बाकीच्या घटकांची: अल्जिनेट, लॅमिनारिन, फ्युकॉयडन, मॅनिटॉल, बीटेन. यातलं लॅमिनारिन मला सगळ्यात रंजक वाटतं. बुरशीच्या पेशीभित्तिकेत असते तशीच साखरेची साखळी त्यात असते. झाडाला वाटतं हल्ला झाला, आणि ते आपली प्रतिकारयंत्रणा आधीच जागी करतं. युरोपात लॅमिनारिन याच कामासाठी पीकसंरक्षक म्हणून नोंदलेलं आहे.

दुसरं लाल शेवाळाचं, कॅपाफायकस. हे आपलं देशी उत्पादन. तमिळनाडूत रामनाथपुरम, मंडपमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांना बांधून त्याची शेती होते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेनं ताजं शेवाळ पिळून रस काढायची पद्धत बसवली. रस शेतीला जातो आणि राहिलेल्या चोथ्यातून कॅराजिनन काढतात, तेच आइस्क्रीम घट्ट ठेवतं. या रसात पालाश स्वतःचा आणि भरपूर असतो, शिवाय सायटोकायनिन, ऑक्झिनसारखी संप्रेरकं आणि ग्लायसिन बीटेन. अल्जिनेट आणि लॅमिनारिन मात्र यात नसतं, ती तपकिरी शेवाळाची मिरासदारी. त्यामुळं 'सीव्हीड म्हणजे सीव्हीड, कुठलंही द्या' हे दुकानात म्हणणं बरोबर नाही.

आता लाल रसाचा जो आकडा विक्रेत्यांच्या तोंडी असतो तो नीट बघू. 2009 साली कोरडवाहू सोयाबीनवर कॅपाफायकसच्या रसाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. नुसतं पाणी फवारलेल्या प्लॉटपेक्षा 57 टक्के जास्त उत्पादन आलं. आकडा खरा आहे. पण ते उत्पादन 15 टक्के तीव्रतेच्या फवारणीला होतं, म्हणजे 15 लिटरच्या पंपात सव्वादोन लिटर रस. बाटलीवर लिहिलेलं असतं लिटरला 2 ते 3 मिली, म्हणजे त्याच पंपात 30 ते 45 मिली. आता कुणी म्हणेल, बाटलीतला अर्क आटवलेला असतो. असेलही. दहापट आटवला तरी पंपाला 225 मिली लागेल. म्हणून दोन बाटल्यांची तुलना लिटरच्या भावानं करूच नका. आत सीव्हीडचा अर्क किती टक्के आहे ते वाचा आणि त्या अर्काच्या किलोचा भाव काढा. हा हिशेब मांडला की स्वस्त बाटली पुष्कळदा महाग पडते.

ह्युमिकचं काम वेगळंच आहे. ते लिओनार्डाइटसारख्या कोळशाच्या जातीच्या खनिजातून येतं आणि त्याची जागा जमिनीत, मुळाशी. ड्रिपमधून किंवा आळवणीतून द्या. पानावर फवारून ताणातलं सोयाबीन वाचवायचा त्याच्याकडून हट्ट धरणं मला पटत नाही. सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या रानात नवीन मोसंबी लावली असेल तर मात्र मी आधी ह्युमिकला पैसे घालेन, सीव्हीडला नंतर.

फवारणीची वेळ हा मुद्दा तिन्हींच्या वादात हरवतो. अर्कातली संप्रेरकं अगदी थोडी असतात. अर्क झाडाच्या स्वतःच्या यंत्रणेला ढोसतो आणि पुढचं झाड करतं. त्याला थोडे दिवस लागतात. त्यामुळं खंड पडणार असं दिसताच, पानात ओल असताना फवारलं तर उपयोग. पानं करपल्यावर फवारलेलं सीव्हीड म्हणजे वरून मीठ.

मिसळण्याचंही एक पाहून घ्या. अल्जिनेटला कॅल्शियम भेटलं की त्याची जेली होते. आपल्याकडं बोअरचं पाणी इतकं जड की हंड्याला पांढरा थर धरतो, आणि मोसंबीवाले वर कॅल्शियम नायट्रेट सोडतात. तपकिरी अर्कातलं अल्जिनेट बारीक तोडलेलं नसेल तर टाकीत शेवयांसारखे धागे होतात आणि नोझल बसतं. आधी काचेच्या ग्लासात करून बघा: पाण्यात थोडा अर्क, त्यात कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्याचे थेंब. गुठळी झाली तर दोन्हींत काही दिवसांचं अंतर ठेवा. ह्युमिकची तऱ्हा उलटी, ते आम्लात फाटतं. फॉस्फरिक ॲसिडसोबत त्याला ड्रिपमध्ये कधी घालू नये.

पैशाचं गणित सोयाबीनवाल्यांनी असं मांडावं. समजा औषध-मजुरी धरून एक फवारणी एकरी 700 रुपयांना पडली. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, म्हणजे 13 किलो सोयाबीन जास्त आलं की खर्च निघाला. बाजारात हमीभाव मिळत नसेल तर 17 किलो धरा. एकरी आठ क्विंटलच्या रानात हे दोन टक्क्यांच्या आसपास. एवढा फरक डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून 'मस्त काळोखी आली' म्हणणारा आणि 'काहीच फरक नाही' म्हणणारा दोघंही अंदाजानंच बोलत असतात. रानाच्या मधली चार तासं (ओळी) बिनफवारणीची सोडा, शेजारची चार फवारलेली धरा आणि खळं वेगळं करून तोला.

माझं मत विचाराल तर कोरडवाहू सोयाबीन-तुरीसाठी सीव्हीडची वेगळी फेरी करू नये. अळीची फवारणी होणारच असेल आणि मिसळायला चालत असेल, तर त्यात लाल, देशी अर्क घाला. मजुरी वाचते, हिशेब सोपा होतो. जालन्याकडच्या मोसंबी किंवा डाळिंबाच्या बागेचं वेगळं. तिथं हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या आंबिया बहराच्या फुलापासून उन्हाळ्याचा ताण सोसायचा असतो आणि किलोमागं भाव जास्त, तेव्हा चांगल्या प्रतीचा तपकिरी अर्क फुलाआधी आणि फळ सेट झाल्यावर द्यायला माझी हरकत नाही. फळगळ बुरशीनं किंवा पाण्याच्या हेलकाव्यानं होत असेल तर मात्र कुठलंही शेवाळ ती थांबवणार नाही.

खरेदी करताना एवढं बघा. 2021 मध्ये जैव-उत्तेजकं, म्हणजे अशी टॉनिकं, खत नियंत्रण आदेशाखाली आली आणि तात्पुरत्या नोंदणीची मुदत जून 2025 मध्ये संपली. तेव्हा लेबलवर जैव-उत्तेजक असा स्पष्ट उल्लेख, घटकांची टक्केवारी, बॅच नंबर आणि मुदत नसेल तर बाटली फळीवरच राहू द्या. आणि युरियासोबत 'लिंकिंग'मध्ये गळ्यात मारलेली बाटली? ती घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. पक्कं बिल मागा, त्यावर दोन्ही वस्तू लिहून मागा आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार द्या. बिल मागितलं की पुष्कळदा लिंकिंग आपोआप सुटतं.

राहिल्या त्या माणसांसाठीच्या सीव्हीडच्या गोळ्या. ॲसिडिटीच्या काही औषधांत अल्जिनेट असतं, ते पोटात तरंगता थर धरतं आणि त्याचा उपयोग चांगला माहीत आहे. पण तपकिरी शेवाळात आयोडीन फार असतं. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं आणि ते आयोडीनयुक्त मिठातून मिळतंच. घरात कुणाला थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. आणि शेतीच्या बाटलीतलं सीव्हीड 'नैसर्गिकच आहे' म्हणून चाखणारेही असतात. त्यात कॉस्टिक पोटॅश आणि टिकवण्यासाठीची रसायनं असू शकतात, ते पोटात घालायचं नाही.