शाळा भरलेली असताना सिनेगॉगचा जीर्णोद्धार: सुरक्षा पथकाच्या सेवेबद्दल

आमच्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचा, जीर्णोद्धार सुरू आहे आणि त्याच आवारात आमची शाळा रोज भरते. मी या शाळेत विज्ञान शिकवते आणि सुरक्षा समितीचं कामही पाहते. इमारतीचं काम एका ठेकेदाराकडे आहे. मुलं, शिक्षक आणि प्रार्थनेला येणारी मंडळी यांच्या सुरक्षेसाठी मात्र विश्वस्तांनी वेगळं पथक नेमलं. हे परीक्षण त्या पथकाच्या सेवेचं आहे. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही मांडायच्या आहेत, आणि तुम्ही कुणालाही नेमलंत तरी यातलं बरंचसं तुमच्या उपयोगी पडेल.

या पथकाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे ते ठेकेदाराच्या हाताखाली नाही. त्यांचा पगार विश्वस्तांकडून येतो आणि काम थांबवण्याचा अधिकार करारातच लिहिलेला आहे. सुरुवातीला मला हा कागदोपत्री तपशील वाटत होता. मग एकदा शाळा सुटायच्या वेळेला चुन्याच्या गोण्या घेऊन ट्रक आला. मुकादम म्हणाला, "मॅडम, दोनच मिनिटांचं काम आहे, गाडी आत घेऊन लगेच बाहेर काढतो." पथकाची सेफ्टी ऑफिसर फाटकातच उभी राहिली. "शेवटचं मूल बाहेर पडेपर्यंत गाडी आत येणार नाही," एवढंच तिने सांगितलं. मुकादम चिडला, त्याने साहेबांना फोन लावला, साहेबांनी तिला फोन केला. ती जागची हलली नाही. ठेकेदाराच्या पगारावरचा माणूस इतका वेळ तग धरू शकला नसता, असं मला मनापासून वाटतं.

काम सुरू होण्याआधी या लोकांनी आमच्याकडून दोन कागद मागून घेतले: शाळेच्या घंटांचं वेळापत्रक आणि सिनेगॉगची वर्षभराची दिनदर्शिका. नकाशे नंतर. मुलं येण्याची वेळ, मधली सुट्टी आणि शाळा सुटण्याची वेळ, या काळात लिफ्टने माल वर चढवायचा नाही, परांचीचे पाइप सोडवायचे नाहीत, राडारोडा खाली उतरवायचा नाही. परीक्षांच्या दिवसांत दगड-काँक्रीट फोडायचा ब्रेकर वाजणार नाही, हेही त्यांनी ठेकेदाराकडून आधीच कबूल करून घेतलं. ठेकेदाराला हे वेळापत्रक जाचक वाटतं, हे उघड आहे. पण शाळेचा दिवस ठरलेला असतो; काम त्याच्याभोवती बसवता येतं, उलटं करता येत नाही.

आता आगीबद्दल, कारण माझी सगळ्यात मोठी काळजी तीच होती. जुन्या वास्तूला दुरुस्तीच्या काळात आगीचा धोका जास्त असतो. छताचं लाकूड शेकडो ऋतू वाळलेलं असतं, पोकळ्यांमध्ये वर्षानुवर्षांची धूळ साचलेली असते आणि नेमकं तिथेच कुणीतरी कटर किंवा ज्वालेचा टॉर्च घेऊन उभं असतं. न्यूयॉर्कचं सेंट्रल सिनेगॉग 1872 सालचं. 28 ऑगस्ट 1998 रोजी, शुक्रवारी, तिथलं नूतनीकरण संपत आलेलं असताना छताला आग लागली आणि छत कोसळलं. कामगाराच्या टॉर्चमुळे ती लागली होती. वास्तू पुन्हा उघडायला 2001 साल उजाडलं. त्याच शहरात जुलै 2011 मध्ये केहिलाथ जेशुरून सिनेगॉगला नूतनीकरण चालू असतानाच आग लागली. रमाझ ही शाळा त्याच सिनेगॉगशी जोडलेली आहे. विश्वस्तांच्या पहिल्या बैठकीत सेफ्टी ऑफिसरने ही दोन्ही उदाहरणं मांडली, तेव्हा "आपल्याकडे असं काही होणार नाही" म्हणणारी मंडळी शांत झाली.

त्यांची पद्धत कडक आहे आणि मला ती पटली. वेल्डिंग, गॅस कटिंग, ग्राइंडर, हीट गन, ज्यात ठिणगी किंवा उष्णता आहे अशा प्रत्येक कामाला त्या दिवसाचा, त्या जागेचा वेगळा परवाना लागतो. शेजारी पाण्याची आणि अग्निशामक नळकांडीची सोय, खाली ओली चादर, आणि एक माणूस फक्त पाहण्यासाठी. काम संपल्यावर तो माणूस किमान तासभर तिथेच थांबतो, त्यानंतर पुन्हा एक फेरी होते. लाकडाच्या सांध्यात शिरलेली ठिणगी धूर न दाखवता बराच वेळ धुमसू शकते, म्हणून हा तास. रंग काढायला ज्वाला वापरायला तर त्यांनी संपूर्ण बंदीच घातली.

शुक्रवारचा प्रश्न मात्र सिनेगॉगचा स्वतःचा आहे, आणि तो त्यांनी फार समजून सोडवला. शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसू लागल्यावर संपतो. त्या काळात आवारात काम बंद. म्हणजे शुक्रवारी ठिणगीचं काम कधी थांबवायचं हे घड्याळ ठरवत नाही, सूर्यास्त ठरवतो. हिवाळ्यात ती वेळ दुपारवर येते. पथकाने प्रत्येक शुक्रवारची शेवटची वेळ आधीच काढून फळ्यावर लावली: सूर्यास्त, त्याआधी पहाऱ्याचा तास, त्याआधी आवराआवर. शब्बाथला आमच्यातले बरेच जण फोन जवळ ठेवत नाहीत. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथचे नियम बाजूला ठेवायचेच असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण फोनच हाताशी नसेल तर मदत बोलावणार कशी? त्यांनी राबायशी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंशी, बोलून पहारेकऱ्याच्या खोलीत एक फोन कायमचा ठेवला आणि अग्निशमन दलाचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला. तोराच्या हस्तलिखित गुंडाळ्या, म्हणजे आमचे सेफर तोरा, काम सुरू व्हायच्या आधीच हेखालमधून, म्हणजे त्या ठेवायच्या पवित्र कपाटातून, दुसऱ्या इमारतीत नेल्या. त्या कुणी उचलायच्या, कुठून न्यायच्या आणि कुठे ठेवायच्या हे राबायनी ठरवलं, रस्ता मोकळा ठेवण्याचं काम पथकाने केलं.

इथेच माझी पहिली तक्रार आहे. धूळ उडते तेव्हा धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरवर प्लास्टिकच्या टोप्या चढवतात, नाहीतर खोटा अलार्म वाजत राहतो. दिवस संपला की त्या काढायच्या असतात. एका शुक्रवारी त्या तशाच राहिल्या. प्रार्थनेला मंडळी जमू लागली होती, दिवाणखान्याएवढ्या मधल्या पॅसेजमधला एकही डिटेक्टर काम करत नव्हता. सिनेगॉगची देखभाल करणाऱ्या काकांच्या नजरेला ते पडलं म्हणून निभावलं. टोप्या काढणं ठेकेदाराच्या माणसाचं काम की पथकाचं, हे कागदावर कुठेच स्पष्ट नव्हतं. आता प्रत्येक टोपीला नंबर आहे, संध्याकाळी त्या मोजून पेटीत जातात आणि पथकाची सही झाल्याशिवाय दिवस बंद होत नाही. उपाय चांगला आहे. पण पैसे घेऊन सुरक्षा पाहणाऱ्यांनी हा मुद्दा पहिल्याच आठवड्यात हेरायला हवा होता.

धुळीच्या बाबतीत त्यांचं काम उत्तम आहे, त्यांची लिखापढी मात्र तेवढी चांगली नाही. दगड, विटा आणि त्यांच्या सांध्यांमधला मसाला कापताना जी बारीक सिलिका उडते ती डोळ्यांना दिसत नाही आणि फुप्फुसात खोल जाते. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने कामगारांसाठी 2016 च्या नियमात आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली. काही पालक हाच आकडा मुलांसाठीही धरून चालले होते. ती मर्यादा मोठ्या माणसांसाठी, कामाच्या जागेपुरती आहे. वर्गात बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला ती लावायची नसते. पथकाने हे पालकसभेत सरळ सांगितलं. वर्गात धूळ येऊच द्यायची नाही, हाच त्यांचा नियम आहे: दगड पाणी सोडून ओला कापायचा, कटरला शोषणयंत्र जोडलेलं हवं, शाळेच्या बाजूच्या खिडक्या सील, मधल्या दाराला दुहेरी पडदा. कोरडा झाडू पूर्ण बंद. साधा व्हॅक्यूम क्लीनरही चालत नाही, कारण तो बारीक कण मागून पुन्हा हवेत सोडतो. हेपा फिल्टरचाच लागतो, जो 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो.

शिशाबद्दल तर ते माझ्यापेक्षाही काटेकोर निघाले. जुन्या रंगांत शिसं असतं, आणि लहान मुलांच्या रक्तात शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2019 मध्ये पॅरिसच्या नोत्र दामला आग लागली तेव्हा छपरातलं शिसं आसपासच्या भागावर पसरलं आणि त्या उन्हाळ्यात जवळच्या काही शाळा सफाईसाठी बंद ठेवाव्या लागल्या. आमच्याकडे आग लागली नाही, पण जुना रंग खरवडणं रोजचं होतं. पथकाने काम सुरू होण्याआधीच वर्गातल्या बाकांवरचे, खिडक्यांच्या कट्ट्यांवरचे आणि बालवाडीच्या फरशीवरचे नमुने ओल्या कापडाने पुसून प्रयोगशाळेत पाठवले. आधीची पातळी ठाऊक असल्याशिवाय नंतर वाढली की नाही हे कळणार कसं? ही एक गोष्ट सगळ्या शाळांनी त्यांच्याकडून उचलावी. एवढं चांगलं काम, पण अहवाल उशिरा यायचे आणि आले की आकड्यांचे तक्ते. पालकांना "माझ्या मुलाचा वर्ग ठीक आहे ना?" याचं उत्तर एका ओळीत हवं असतं. शेवटी ती ओळ मीच लिहून पाठवू लागले.

सिनेगॉगला पहारा असतो, आणि परांची म्हणजे भिंतीवर चढायला आयती शिडी. म्हणून रोज संध्याकाळी खालच्या शिड्या काढून कुलपात जातात, आणि परांचीच्या जाळीने झाकलेले कॅमेरे नव्या जागी बसवले. कामगारांना फोटो असलेली ओळखपत्रं आहेत, पण सेफ्टी ऑफिसर त्यांना नावाने ओळखते, त्यांच्याशी चहा घेते. पहारेकऱ्यांशीही तिचं जमतं, आणि तिथेच खरी कसोटी होती. पहारेकऱ्याला दारं बंद हवीत, आग लागली तर मला ती उघडी हवीत. बाजूचं फाटक आता बांधकामाच्या हद्दीत गेलं होतं आणि आमची आणीबाणीत बाहेर पडायची जुनी वाट त्याच फाटकातून होती. पथकाने नवी वाट आखली, आतून धक्क्याने उघडणारी आणि बाहेरून बंद राहणारी कडी बसवली. मुलांनी जमायची जागा पूर्वी अंगणात होती, ती परांचीच्या खाली आली म्हणून रस्त्यापलीकडे नेली. सातवीतली एक मुलगी चाकाच्या खुर्चीवर येते. तिचा उतार पत्र्याच्या आडोशामागे अडकला होता. पत्रे लागले त्याच दिवशी तिच्यासाठी लाकडी उतार तयार होता. सराव करताना तिला सगळ्यांच्या शेवटी ठेवायचं नाही, असं मी सांगायच्या आधीच त्यांनी ठरवलं होतं. यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

सणांचं थोडक्यात सांगते. रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) यांना गर्दी सगळ्यात जास्त असते, म्हणून आतली परांची त्याआधीच उतरवून बाहेर पडायचे सगळे रस्ते मोकळे केले. सुक्कोत या सणाला उभारायची झोपडी मोकळ्या आकाशाखाली असावी लागते, आणि अंगणावर तर पडणाऱ्या वस्तूंपासून वाचवणारं छप्पर घातलेलं होतं. ते काढा, असा काहींचा आग्रह होता. पथकाने छप्पर हलवलं नाही, झोपडीला शाळेमागचा कोपरा दिला. राबायना तो पसंत पडला.

दुसरी तक्रार रविवारची. शनिवार हातचा जातो म्हणून ठेकेदार रविवारी काम करतो, आणि रविवारीच लहान मुलं हिब्रूच्या वर्गाला येतात. पथकाच्या करारात मात्र फक्त शाळेचे दिवस होते. म्हणजे काम चालू, मुलं हजर, आणि सेफ्टी ऑफिसर घरी. हे लक्षात आणून दिल्यावर त्यांनी रविवारी माणूस दिला, जादा पैसे घेऊन. सिनेगॉगचं काम करणाऱ्यांना आठवड्याची ही घडी माहीत असायला हवी. तुम्ही करार करत असाल तर वारांची नावं लिहून घ्या, "शाळेचे दिवस" एवढ्यावर सोडू नका. आणि सेफ्टी ऑफिसर रजेवर असेल तेव्हा काम थांबवण्याचा अधिकार कुणाकडे असेल, ते नावानिशी विचारा. आमच्याकडे ते सांगायला त्यांना वेळ लागला.

पुढचा टप्पा वरच्या गॅलरीच्या लोखंडी कठड्यांचा आहे. तिथे वेल्डिंग भरपूर होणार, आणि गॅलरीच्या भिंतीपलीकडे आमचं ग्रंथालय आहे. त्या कामालाही हेच पथक ठेवावं, असं मी विश्वस्तांना लेखी कळवलं आहे. रविवारची हजेरी, डिटेक्टरच्या टोप्यांची जबाबदारी आणि पालकांना आठवड्याच्या आत साध्या भाषेत अहवाल, या तीन गोष्टी या वेळी करारातच हव्यात, हेही त्यात लिहिलं आहे. वेल्डिंगच्या दिवसांत ग्रंथालयाचे तास दुसऱ्या इमारतीत घ्यायला आम्ही शिक्षक तयार आहोत.