सात महिने ओबीडी स्कॅनर वापरला: पी ०१७१ चा पिच्छा कसा सुटला

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात बाराशे रुपयांना हा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र, घेतला. त्याआधी चारशेचा घेतला होता, तो दर दहा मिनिटांनी कनेक्शन सोडायचा. त्या भानगडीत पडू नका.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. फोर-टू-वन हेडर (चार सिलिंडरचा धूर एका पाइपात आणणारा एक्झॉस्टचा भाग), फ्री-फ्लो सायलेन्सर, कोन फिल्टर, मोठी थ्रॉटल बॉडी, वर पिगीबॅक (मूळ कॉम्प्युटरचे सिग्नल बदलणारा जोड-बॉक्स). हेडर बसवून महिना होतो न होतो तोच चेक इंजिनचा दिवा लागला: पी ०१७१, मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. एका गॅरेजात ओटू सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलला, ३,८०० रुपये गेले. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर. दुसरीकडे म्हणाले, "फ्युएल पंप बदला साहेब." तेव्हा ठरवलं, आता स्वतः बघायचं.

कोडचा अर्थ एवढाच, की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवत वाढवत मर्यादेला टेकला. का टेकला, ते फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, बघितल्याशिवाय कळत नाही. इंजिन गरम करून क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे ईसीयू ओटू सेन्सर बघून पेट्रोल ठरवत असताना, आकडे घेतले. आयडलला (गाडी उभी, पाय उचललेला) लाँग टर्म, म्हणजे साठलेली दुरुस्ती, +२१ टक्के; शॉर्ट टर्म, म्हणजे त्या क्षणाची, +६. २,५०० आरपीएमला दोन्ही मिळून +९. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरला, हलक्या पायाने, फक्त +४. पंप कमजोर असता तर लोडवर आकडा चढला असता. इथे उलटं होतं. पिगीबॅकचा बायपास प्लग लावून, म्हणजे तो बाजूला काढून, पाहिलं, काही फरक नाही.

आयडलला ट्रिम जास्त म्हटलं की सगळे व्हॅक्यूम लीक, म्हणजे इनटेकमध्ये चोरून शिरणारी हवा, शोधायला लागतात. मीही दोन रविवार होज तपासण्यात घालवले. पण माझ्या गाडीत आत जाणारी हवा मोजणारा एमएएफ नाही, इनटेक मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर आहे. अशा गाडीत हवा आत शिरली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल देतो आणि आयडल चढतं. माझा दाब ३१ केपीए, म्हणजे वाढलेला नाही, आयडलही जागेवर. मग राहिलं एकच: ओटू सेन्सरच्या आधी एक्झॉस्टमध्ये गळती. धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि मिश्रण बरोबर असूनही तो लीन सांगतो.

सकाळी थंड इंजिनवर मित्राला बोलावलं. भिजवलेला सोलापुरी टॉवेल त्याने सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरला. "का बे, गाडी बंद पाडणार का?" असं विचारतच होता. मी हेडरच्या फ्लँजवर (इंजिनला जोडणाऱ्या पट्टीवर) साबणाचं पाणी मारलं. चौथ्या सिलिंडरच्या खालच्या कडेला बारीक बुडबुडे फसफसायला लागले. हेडर काढला तर गॅस्केटवर तिथेच काजळीची काळी रेघ, बोटभर लांब. पातळ फ्लँज उष्णतेने वाकली होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीत तोंड सपाट करून घेतलं, मल्टी-लेयर स्टीलची गॅस्केट टाकली, नट मधून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने कसले. कोड पुसून तीनशे किलोमीटर चालवली. लाँग टर्म +५ वर स्थिरावला. एवढा तर ई२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळेही येतो, कारण इथेनॉलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. मे महिन्याच्या उन्हातही दिवा लागला नाही.

आता यंत्राच्या उणिवा. एका वेळी तीन-चारच आकडे नीट दिसतात, जास्त निवडले की ग्राफ मागे पडतो. एबीएस वाचत नाही. स्टिअरिंगखाली बाहेर येतो, गुडघ्याला लागतो. गाडी उभी असताना लावून ठेवला तर बॅटरी खातो, म्हणून रात्री काढतो. पण गाडीला हेडर किंवा इनटेक बसवणार असाल तर हा आधी घ्या, आणि बदल करण्यापूर्वीचे ट्रिमचे आकडे वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे ते नव्हते, म्हणून चार महिने अंधारात चाचपडलो.