छोटं रिव्हॉल्व्हर घेताय? टॉप-ब्रेक, प्रबल की जुनं स्मिथ, आणि त्याला मूठ कुठली

लायसन्स हातात आलं की माणूस आधी काय करतो, तर रात्री उशिरापर्यंत अमेरिकन व्हिडिओ बघत बसतो. दोन इंची नळीचं कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशल, जे १९२७ पासूनचं आहे, मग १९५० मधलं पाच राऊंडचं स्मिथ अँड वेसनचं चीफ्स स्पेशल, त्यावर हॉग कंपनीची रबरी ग्रिप नाहीतर शिंगाची, आणि झालं, आपणही असंच काहीतरी करू असं डोक्यात बसतं. पुण्यात बसून ते तसं होत नाही, आणि का होत नाही ते आधी सांगतो, कारण निम्मा निर्णय तिथेच लागतो.

एक तर ती दोन्ही .३८ ची. .३८ आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप), म्हणजे सामान्य लायसन्सवर बाद. बाहेरून नवीन मागवणं ऐंशीच्या दशकापासून नामांकित नेमबाज सोडले तर जवळपास बंदच आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं, आजोबांकडून वारशाने आलेलं धरून दोन. त्यामुळे भिंतभर रिव्हॉल्व्हर लावायचं स्वप्न विसरा. राहिलं कस्टमायझेशन, तर शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे विनापरवाना नळी कापून छोटी करणं हा सरळ गुन्हा आहे, आणि सिलिंडर, फ्रेम, आतली मशिनरी यांना घरी किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडे हात लावायचा विषयच नको. उरतं काय? मूठ. म्हणून माझं म्हणणं असं की कलेक्शन करायचंच तर ग्रिपचं करा, एकच शस्त्र आणि त्याला दोन-तीन जोड्या, आणि शस्त्र निवडतानाच त्याला कुठली ग्रिप बसू शकते हे बघून निवडा. लोक उलटं करतात, आधी शस्त्र घेतात आणि मग सगळीकडे विचारत बसतात की याला अमक्याची ग्रिप बसेल का हो.

तर .३२ मध्ये, म्हणजे सामान्य लायसन्सवर चालणाऱ्या बोअरमध्ये, पुण्यातल्या माणसासमोर साधारण तीन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे आपल्या कानपूरच्या सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं टॉप-ब्रेक, म्हणजे नळी खाली झुकवून मधून उघडणारं, जुन्या ब्रिटिश वेब्ली मार्क फोरच्या ढंगाचं, तीन इंची नळी, सहा राऊंड, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. मधून मोडलं की सहाही खोकी, म्हणजे काडतुसांची रिकामी टरफलं, एकदम वर उचलली जातात. निर्भीकही याच घराण्यातलं, २०१४ मध्ये आलं, टायटॅनियम मिश्रधातूमुळे वजन ५०० ग्रॅमच्या जवळ आणि तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. ते बायकांसाठी म्हणून गाजवलं गेलं होतं, पण खिशात किंवा कमरेला रोज बाळगणाऱ्या कुणालाही २०० ग्रॅमचा फरक संध्याकाळपर्यंत चांगला कळतो. (निडर नावाचं .२२ चं त्याहून हलकं आहे, २५० ग्रॅमचं, पण त्याची मूठ इतकी छोटी की ग्रिपवर बोलण्यासारखं फार काही उरत नाही, म्हणून सोडून देतो.)

दुसरा प्रबल, कानपूरचंच, २०२३ मधलं. वजन तेच ७००, नळी तीच ७६ मिलिमीटर, पण सिलिंडर बाजूला उघडतो. ५० मीटर पल्ला अशी जाहिरात आहे, ती जाहिरातीपुरती ठेवा, एवढ्या नळीने ५० मीटरवर नेम धरणारा मला दाखवा. खरा फायदा बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचा आहे, आणि ग्रिपच्या हिशोबाने तोटाही तोच, कसा ते पुढे येतंच आहे.

तिसरा रस्ता म्हणजे बंदी यायच्या आधी आलेलं जुनं इम्पोर्टेड, .३२ चं स्मिथ अँड वेसन किंवा अस्सल वेब्ली. हे डीलरकडे क्वचित येतं, आलं तर त्याच्या वयाकडे आणि अवस्थेकडे न बघता भाव लाखांत सांगतात, आणि घेणारे घेतातही. जुन्या स्मिथचं एक मात्र आहे, जगात कुठल्याही रिव्हॉल्व्हरला नसतील इतक्या तयार ग्रिप त्यांच्या जे फ्रेमला, म्हणजे त्यांच्या छोट्या आकाराच्या सांगाड्याला, मिळतात. आधी बट, म्हणजे मुठीचं खालचं टोक, गोल आहे की चौकोनी ते बघा, आणि फार जुनं आय फ्रेम असेल तर जे ची ग्रिप सरसकट बसेलच असं धरून चालू नका. टॉप-ब्रेकला यातलं काहीच बसत नाही, त्याच्या मुठीचा सांगाडाच वेगळा. प्रबललाही 'छोटं रिव्हॉल्व्हर म्हणजे जे फ्रेमच' असं समजून ऑर्डर टाकू नका.

आता मूळ प्रश्न, रबर की लाकूड. अमेरिकन माणूस रबर का लावतो हे समजून घ्या. त्याच्या हातात ४०० ग्रॅमच्या आसपासचं रिव्हॉल्व्हर असतं आणि त्यात .३८ चा जोरदार, नाहीतर .३५७ मॅग्नमचा राऊंड, पाच गोळ्या झाडल्या की तळहात झणझणतो. आपला .३२ लाँग त्या मानाने मवाळ राऊंड आहे, १८९६ पासूनचा, आणि तो आपण वापरतो ७०० ग्रॅमच्या लोखंडातून. झटका असा काही नसतोच. मग जो त्रास नाहीच त्यावर औषध म्हणून जाड रबर कशाला? उलट रबर शर्टाच्या कापडाला चिकटतं, शर्ट वर ओढला जातो आणि कमरेचं सगळ्यांना दिसतं. निर्भीकसारख्या हलक्यावर मी रबराचा विचार करेन, तेही हात घामट असेल तर.

आणि रबराचं दुसरं दुखणं पावसाळ्यात कळतं. ग्रिपचा स्क्रू काढून बाजू सुटी करा आणि खालची फ्रेम बघा, जिथे रबराची कड टेकते बरोबर त्या रेषेवर तांबूस बारीक गंज धरलेला असतो, घाम आणि दमट हवा आत जाते आणि बाहेर यायला वाटच नसते. लाकडाखालीही होतं, पण कमी, आणि लाकडाला आतून जवसाच्या तेलाचा हात देता येतो. कुठलीही ग्रिप असो, जून ते सप्टेंबर मधूनमधून उघडून पुसायचीच. आणि चामड्याच्या कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरून ठेवतं.

पण रबर-लाकूड यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे मूठ मागून उघडी की झाकलेली, आणि याकडे कुणी बघतच नाही. ग्रिप जर मागची लोखंडी पट्टी झाकत असेल तर तळहात ट्रिगरपासून तेवढा मागे जातो. आपल्या रिव्हॉल्व्हरचा डबल अ‍ॅक्शन ट्रिगर (एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडणारा) जड, त्यात बोट पुरेना, मग माणूस बोटाच्या टोकाने खेचतो आणि नळी बाजूला जाते. छोट्या हाताला मागून उघडी, बाजूने पातळ ग्रिपच बरी. मोठ्या पंजाला झाकलेली चालते, तिथे अडचण वेगळी, करंगळीला जागाच नसते, ती खाली लोंबकळते. त्यासाठी मूठ खाली थोडी लांब करून घेता येते, पण तेवढीच ती कपड्यातून वर येते, दोन्ही एकदम मिळत नाही. जुन्या स्मिथवर आणखी एक छान सोय आहे, टायलरची टी-ग्रिप, म्हणजे ट्रिगर गार्डच्या मागची पोकळी भरणारा धातूचा छोटा तुकडा. मूळ लाकडी ग्रिप तशीच राहते आणि मधलं बोट नीट टेकतं. जुन्या शस्त्रांचा संग्रह करणाऱ्याला हेच हवं असतं.

प्रबलसारख्या बाजूला उघडणाऱ्यात डावी बाजू जाड झाली की खोकी बाहेर पडताना तिला अडतात, स्पीडलोडर, म्हणजे सगळी काडतुसं एकदम भरायचं साधन, तर आत शिरतच नाही. म्हणून डाव्या बाजूला वरती खोलगट कोरून घ्यावं लागतं. टॉप-ब्रेकला ही भानगड नाही, सगळं वर उघडतं, हवी तेवढी जाड करा. हाताने बनवून घ्यायची हौस असलेल्याला त्यामुळे टॉप-ब्रेक जास्त मोकळीक देतं, तयार ग्रिप मिळत नसली तरी.

बनवून घेणार असाल तर लाकूड शिसवाचं घ्या. टिंबर मार्केटमध्ये कुणीही सागवान पुढे करेल, सागवान दारं-खिडक्यांना राजा, पण त्यावर बारीक चेकरिंग, म्हणजे पकडीसाठीची चौकड्यांची नक्षी, कोरायला गेलं की टोकं उडतात. शिसव घट्ट आणि जड, धार धरून राहतं. सांबराचं शिंग किंवा हस्तिदंत कुणी 'घरचंच आहे, जुनं आहे' म्हणून देऊ केलं तर हात जोडा, वन्यजीव कायद्याचं लफडं ग्रिपपायी कोण घेईल. आणि एक गोष्ट पक्की, कारागिराला फक्त मूळ ग्रिपच्या दोन बाजू नमुना म्हणून न्यायच्या, रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे ठेवून यायचं नाही. विनापरवाना माणसाकडे शस्त्र सोपवणं हाही गुन्हाच, तो कितीही ओळखीचा असो. शस्त्रावर बसवून बघायचं काम तुम्ही घरी करा, सिलिंडर रिकामा करून, दोनदा बघून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. घासून बसवायचं ते लाकूड, लोखंड नाही.

माझ्यापुरतं विचाराल तर, रोज बाळगायचं असेल तर निर्भीक आणि पातळ, मागून उघडी शिसवाची ग्रिप. घरात ठेवायला आणि रेंजवर न्यायला प्रबल, मूळच्या ग्रिपसहित, निदान हात बसेपर्यंत तरी काही बदलू नका. जुनं स्मिथ फक्त त्याने घ्यावं ज्याला ते वापरायचं नाहीये, आणि त्याची मूळ ग्रिप काढून कागदात गुंडाळून, डब्यात जपून ठेवावी, कारण पुढे विकताना मूळ ग्रिप नसली की घेणारा पहिलं तेच बोट ठेवून भाव पाडतो. निवडणूक लागली की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करायची वेळ येते, तेव्हाही हौसेची ग्रिप काढून घरी ठेवा आणि मूळची चढवून, तेलाचा हात फिरवून द्या, आणि पावतीवर नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथेच वाचून घ्या.