पाण्याचं आधी विचारणारा ठेकेदार: सोलापुरातल्या घरदुरुस्तीच्या ठेक्यांचा लेखाजोखा

सोलापुरात घर दुरुस्तीला काढलं की तीन पर्याय समोर येतात: हजेरीवरचे गवंडी-बिगारी, मजुरी ठेका घेणारा मिस्त्री आणि मालासकट काम उचलणारा ठेकेदार. तिन्हींत चांगले-वाईट दोन्ही भेटतात. पण एक खूण सहसा चुकत नाही. घर बघायला आल्या आल्या टाइल्सचा कॅटलॉग उघडणाऱ्यापेक्षा ‘नळाला किती दिवसांआड पाणी येतं? टाकी केवढी? बोअरचं पाणी खारट आहे का?’ असं विचारणारा माणूस कामाचा.

इथं उन्हाळ्यात पारा बेचाळिशी ओलांडतो आणि नळाला रोज पाणी नसतं. सकाळी मारलेला गिलावा दुपारी पांढरा पडतो. सिमेंट पक्कं व्हायला लागणारं पाणी उन्हानं उडून गेलं की वरचा थर आक्रसतो आणि जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. मग त्या पुट्टीखाली झाकतात. साध्या सिमेंटच्या गिलाव्याला किमान ७ दिवस आणि पोत्यावर पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) छापलेलं असेल तर १० दिवस पाणी मारायला हवं. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा, बाहेरच्या भिंतीला गोणपाट लावून. पाणी कोण मारणार, टँकर कोणाच्या खर्चानं येणार, हे दरपत्रकात नसेल तर ते काम घरमालकाच्याच गळ्यात पडलं म्हणून समजा. बोअरचं खारं पाणी माल कालवायला वापरलं, की वर्षभरात भिंतीला लोणा फुटतो आणि रंगाचे पोपडे निघतात.

दर तुलनेला घेण्याआधी माप कसं धरणार ते विचारा. गिलाव्याचा १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, वाळूचा १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. दारं-खिडक्या वजा करणार की नाहीत, यावरच दोन दरपत्रकांत मोठा फरक पडतो. कमी दराचा माणूस कित्येकदा अख्खी भिंत मोजतो. सरकारी मोजमापाच्या पद्धतीत भिंतीच्या दोन्ही बाजूंना गिलावा असेल तर ०.५ ते ३ चौरस मीटरच्या उघड्या जागेची (दार, खिडकी) एकाच बाजूची वजावट होते. हाच नियम कागदावर लिहून घेतला की वाद मिटतो.

मालाचा हिशेबही घरबसल्या पडताळता येतो. आतल्या भिंतीला १२ मिलिमीटर जाडीचा, एकास चारचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गिलावा १,००० चौरस फूट झाला, तर ९-१० पोती सिमेंट जायला हवं. पाच-सहा पोत्यांत भागलं असेल तर एकास चारचं प्रमाण कुठं तरी सातावर गेलेलं असतं. वाळू घमेल्यानं अंदाजे टाकू देऊ नये. एका पोत्याचं सिमेंट १.२५ घनफूट भरतं, तेवढ्या मापाची पेटी साइटवर असावी. आणखी एक गोष्ट जेवणाच्या सुट्टीत बघावी: आधी कालवलेला माल घट्ट झाल्यावर वर पाणी शिंपडून, थापीनं ढवळून परत भिंतीला लागतोय का? तसं केलेला गिलावा पुढं टिचकी मारली की पोकळ वाजतो.

बाथरूमसाठी मजुरी ठेका आणि माल आपला, हे गणित चांगलं जमतं, कारण माल मोजता येतो. ७ × ५ फुटांच्या बाथरूमला ७ फुटांपर्यंत टाइल्स लावायच्या, तर अडीच फुटी दार वजा जाता भिंती १५० आणि जमीन ३५ चौरस फूट होते. १० टक्के तूट धरून २०५ आणावं, आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच बघून घ्यावा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे तिला सिमेंटची रबडी नको, टाइल अॅडेसिव्हच हवं. गीझरच्या लाइनला पांढरा यूपीव्हीसी पाइप घालणाऱ्याला तिथंच थांबवा. गरम पाण्याला फिकट पिवळसर सीपीव्हीसी लागतो. पाइप भिंतीत बुजवण्याआधी हातपंपानं ५-६ किलो दाब देऊन तासभर काटा बघावा. वॉटरप्रूफिंगनंतर नहाणी ट्रॅप (पाणी जायचं तोंड) बंद करून ४८ तास पाणी साठवायचं आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहायचं. हे टाळायला बघणाऱ्याचा पुढचा हप्ता थांबवावा. उंबऱ्यापासून जाळीपर्यंत ५ फुटांत साधारण १ इंच उतार पुरतो.

गच्चीला मात्र मजुरी ठेका नकोच. गळती परत सुरू झाली की मिस्त्री केमिकलवर ढकलतो, दुकानदार मिस्त्रीवर. इथं मालासकट ठेका आणि लेखी हमी बरी. जुन्या कोब्यावरच (गळती थांबवायला स्लॅबवर घातलेला थर) नवा कोबा टाकू म्हणणाऱ्याला मात्र नकार द्यावा. १० सेंटिमीटरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जातो, म्हणजे ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर सुमारे ९ टन. तोही आधीच्या कोब्याच्या वर! जुना काढून, स्लॅबच्या भेगा भरून, कडेनं भिंतीला गोल वाटा मारून (म्हणजे कोपऱ्याला गोलाई देऊन), १०० ला १ उतार देऊन नवा टाकणारा महाग वाटतो, पण काम त्याचंच. गावठाणातल्या माळवदाच्या (लाकडावर मातीचं छत असलेल्या) घरांना हे काहीच लागू नाही. तिथं लाकूड-माती जाणणारा जुना माणूस शोधावा.

काळ्या मातीवरच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल, तर तिच्या टोकाला पेन्सिलनं तारीख घालून एक उन्हाळा-पावसाळा थांबायला सांगणारा ठेकेदार प्रामाणिक समजावा. पाया हलत असताना भरलेली भेग परत उघडतेच.

रंगकामात एवढंच: पुट्टी किती हात, प्रायमर आहे की नाही, हे लिहून घ्या.

पैशांचं म्हणाल तर उचल १० टक्क्यांवर नको. बाकीचे हप्ते तारखेवर नव्हे, टप्प्यावर: तोडफोड आणि राडारोडा हलवल्यावर, पाइपाची चाचणी झाल्यावर, टाइल्स वाजवून बघितल्यावर. गच्चीच्या कामातले शेवटचे १० टक्के पहिले दोन-तीन चांगले पाऊस होईपर्यंत हातात ठेवावेत. आणि जानेवारीच्या मध्यात काम संपवून देतो म्हणणाऱ्याला गड्ड्याच्या जत्रेत (सिद्धेश्वराच्या यात्रेत) गवंडी कुठून आणणार, ते आधी विचारून घ्यावं.