बायपासच्या लॉनवरची पहाट आणि गोदाकाठचा सभामंडप

मराठवाड्यातला श्रोता गाण्याला नवखा नाही. अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह, नांदेडचा संगीत शंकर दरबार, संभाजीनगरचा वेरूळ-अजिंठा महोत्सव, इथे त्याने मोठमोठे गवई समोर बसून ऐकलेत. गाणं रंगलं नाही हे त्याला लगेच कळतं. का रंगलं नाही, याचं खापर मात्र बहुतेक वेळा गायकावर फुटतं, आणि ते बरोबर नाही.

यंदाच्या कार्तिकातल्या दोन मैफलींचं हे परीक्षण. पहिली पाडव्याची दिवाळी पहाट, संभाजीनगरच्या बीड बायपासवरच्या एका लॉनवर. नावाजलेला गायक, तिकीट ५०० आणि १००० रुपये. दुसरी त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री, परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या एका गावी, मंदिराच्या दगडी सभामंडपात. गायक तरुण, प्रवेश मोफत, बरेचसे लोक दर्शनाला आलेले आणि आता आलोच आहोत तर बसू म्हणून टेकलेले. पहिली फसली. दुसरी अशी रंगली की दहा वाजून गेले तरी कुणी सतरंजीवरून हललं नाही. गळे दोन्हीकडे तयारीचे होते.

आधी लॉन. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, म्हणून माईक सहाला सुरू होणार हे ठरलेलंच होतं. या दिवसांत आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. म्हणजे पहाटेच्या रागासाठी हातात जेमतेम अर्धा तास. तो अर्धा तास सत्कारात गेला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, प्रायोजकांची नावं, मग पाहुण्यांचं मनोगत. पावणेसातला पेटीवर पहिला सूर लागला तेव्हा ऊन स्टेजवर आलं होतं.

याचा फटका नुसता वातावरणाला बसत नाही. गायकाने ललत ठरवला होता आणि तानपुरे त्यासाठी लावून ठेवले होते. ललतमध्ये पंचम नाही, त्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावतात. उजाडल्यावर ललत सोडून अहिरभैरव घ्यायचं ठरलं, तेव्हा ती तार मध्यमावरून पंचमावर चढवावी लागली. अख्ख्या एका सुराने ताणलेली तार लगेच स्थिर होत नाही, दोन-चार मिनिटं थोडी थोडी उतरत राहते. ग्रीन रूममध्ये हे काम निवांत होतं. इथे ते ६०० लोकांसमोर, निवेदिका मध्ये मध्ये बोलत असताना झालं. आलापाच्या पहिल्या दहा मिनिटांत षड्ज हलल्यासारखा वाटत होता तो यामुळे.

त्यात स्टेजचं तोंड पूर्वेला. फोटो चांगले येतात म्हणून आयोजक हमखास असं करतात. पण उन्हाने तार तापते, सैल पडते आणि सूर उतरतो. तबल्याचं नेमकं उलटं. वाद्यं पाचपासून स्टेजवर उघडी होती. दवाने पुडी (तबल्याचं कातडं) ओलसर झाली की ती सैल पडते, म्हणून तबलजीने गट्ठे (कडेचे लाकडी ठोकळे) ठोकून तबला काळी एकमध्ये (गायकाच्या पट्टीत) चढवून घेतला होता. ऊन लागून पुडी सुकायला लागली तसा तबला आपोआप चढू लागला. तानपुरा खाली, तबला वर आणि पेटी मध्ये आपल्या जागी ठाम, कारण पेटीचे सूर जागच्या जागी बदलता येत नाहीत. प्रत्येक बंदिशीनंतर हातोडी निघाली. श्रोत्यांना वाटलं, तबलजीला सूर लावता येत नाही. त्या बिचाऱ्याने दोन तासांत सहा वेळा तबला मिळवला आणि दर वेळी नेटका मिळवला. पूर्वेच्या बाजूला एक उंच कनात आणि मैफल सुरू होईपर्यंत पुड्यांवर जाड सुती गवसणी, एवढ्यावर हे निभावलं असतं.

आता साउंड. लग्नाच्या वरातीला लागतो तोच संच इथे लावला होता: चार टॉप (वरचे स्पीकर), चार डबल बेस (खर्जाचे स्पीकर). आवाज भरपूर, पण डग्ग्याची गुमकी ऐकायला येईना, नुसता धपधप दणका. घुमारदार डग्ग्याचा जीव खालच्या पट्टीतल्या मिंडीत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यात असतो. बेस एवढा उघडला की मिंड बुडते आणि ठोका तेवढा उरतो. वर गायकाच्या माईकला इको. मराठवाड्यात इको म्हणजे आवाजाला गोडवा, अशी साउंडवाल्यांची पक्की समजूत आहे. तानेत एका सेकंदात सात-आठ सूर जातात. त्यातल्या प्रत्येकाची सावली पुढच्यावर पडली की तान राहत नाही, नुसता गोंगाट होतो. साध्या माणसाच्या भाषणाला इको खपून जातो, गमकाला (झोल देऊन घेतलेल्या सुरांना) नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र मागच्या स्पीकरची. ५०० रुपयांच्या रांगा लांब होत्या, म्हणून स्टेजपासून साधारण २५ मीटरवर आणखी दोन टॉप उभे केले होते. सोय चांगली, पण त्यांना डिले दिला नव्हता, म्हणजे त्यांचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडला नव्हता. तारेतून आवाज तिथे क्षणात पोहोचतो, हवेतून येणाऱ्या आवाजाला सेकंदाला सुमारे ३४५ मीटरच्या वेगाने २५ मीटर कापायला ७२ मिलिसेकंद लागतात. मागच्या माणसाला प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो, आधी जवळच्या टॉपमधून, मग स्टेजवरून. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी चालला असेल तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, आणि मात्रेत चार बोल वाजले तर एक बोल जेमतेम ६२ मिलिसेकंदांचा. म्हणजे 'तिरकिट' वाजलं की उशिरा येणारा 'ति' पुढच्या 'र'वर जाऊन आदळतो. तबल्याचा रेला (जलद बोलांची सलग लड) मागे चिखलासारखा का वाटला, त्याचं उत्तर हे. हल्लीच्या बहुतेक डिजिटल मिक्सरवर आउटपुटला डिले असतो. मीटर मोजायचे, तीनने गुणायचे, तेवढे मिलिसेकंद भरायचे. पाच मिनिटांचं काम आहे.

स्पीकरमधून शिट्ट्याही वाजल्या, अकरा तरी. स्टेजवर १२ माईक उघडे होते: गायक, पेटी, तबल्याला दोन, पखवाजाला दोन, टाळाला दोन, तानपुऱ्यांना दोन, साइड ऱ्हिदमला एक आणि निवेदिकेचा तर पूर्ण वेळ चालूच. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारी आवाजाची जागा ३ डेसिबलने कमी होते. त्यात गायक माईकपासून हातभर दूर. तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, मग साउंडवाला गेन चढवतो, मग शिट्टी, मग फेडर खाली, मग मागून ओरडा, "आवाज येत नाही." पूर्ण पहाट हेच चाललं. मॉनिटरमध्ये (गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) गायकाला स्वतःचा गळा आणि तानपुरा हवा होता, तो हातवारे करून सांगत होता. तिथे तबला सोडलेला होता.

चहा-फराळ उत्तम, पार्किंग व्यवस्थित, खुर्च्या आरामशीर. पण लोक १००० रुपये गाण्यासाठी देतात.

गोदाकाठच्या मैफलीबद्दल सुरुवातीला शंका होती ती दगडाची. दगडी मंडपात आवाज घुमतो, शब्द एकमेकांत मिसळतात, हे खरं आहे. पण हा मंडप तीन बाजूंनी उघडा. उघड्या बाजूला गेलेला आवाज परतच येत नाही, त्यामुळे घुमणं निम्म्याहून कमी होतं. खाली जाजम, त्यावर सतरंज्या, त्यावर दाटीवाटीने बसलेली दोनेकशे माणसं. अंगावरचे कपडे आणि शाली हे आवाज पिणारं चांगलं साहित्य. उरली एक भिंत, गाभाऱ्याकडची, आणि गायक त्या भिंतीला पाठ करून, दोन मीटर पुढे बसला होता. भिंतीवरून परतणारा आवाज सरळ आवाजाच्या मागे फक्त १२ मिलिसेकंदांनी येतो. कान एवढं अंतर वेगळं काढत नाही, दोन्ही मिळून एकच, भरीव आवाज समजतो. जुन्या मंडपांत कीर्तनकार त्या बाजूला का उभा राहतो, ते इथे बसल्यावर समजतं.

साउंडवाला सप्ताहाचा होता. लग्नाचा साउंडवाला आणि अखंड हरिनाम सप्ताहाचा साउंडवाला यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सप्ताहवाल्याने वर्षानुवर्षं कीर्तन, भजन, काकडा सांभाळलेला असतो. पखवाज, टाळ आणि गळा यांचं नातं त्याच्या हाताला ठाऊक असतं. याने आणले दोन कॉलम (उभे, अरुंद स्पीकर) आणि पाच माईक, बेस आणलाच नाही. गायक, पेटी, तानपुरा आणि पखवाज यांना एकेक, तबल्याला एकच, तोही तबला आणि डग्गा यांच्या मधोमध वरून वितभर अंतरावर. टाळाला माईक नाही, कारण टाळाला तो लागतच नाही. बारांऐवजी पाच माईक म्हणजे शिट्टीच्या आधी जवळपास ४ डेसिबल जागा जास्त. कॉलम गायकाच्या पुढे, पहिल्या दोन खांबांना बांधलेले, जमिनीपासून चार फुटांवर, किंचित खाली झुकवलेले. मॉनिटर छोटा, त्यात गळा आणि तानपुरा, बस. तीन तासांत एकही शिट्टी नाही.

पखवाजी साडेसहालाच येऊन बसला होता. परातीत गव्हाची कणीक, भाकरीच्या पिठापेक्षा सैल, पुरणपोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. ओल्या बोटाने धुम्याच्या (पखवाजाच्या खर्जाच्या तोंडाच्या) मध्यावर ती गोल चोपडली, थाप मारली, कडेची नखभर काढली, पुन्हा थाप. कणीक जास्त झाली की आवाज मुका होतो, कमी झाली की पोकळ. आवाज खर्जात बसल्यावरच हात पुसला. नदीकाठच्या गार वाऱ्यात कणीक तास-दीड तासात वरून सुकते, मग धुमा चढू लागतो. म्हणून मध्यंतरात त्याने जुनी खरवडून नवी लावली. लॉनवर पखवाजाला एवढा वेळ कुणी दिलाच नव्हता.

दिवेही शहाणपणाने लावले होते. कार्तिकात पाणथळ भागात पांढऱ्या एलईडीवर किड्यांचा थवा पडतो आणि गवयाला तोंड उघडणं मुश्कील होतं. इथे स्टेजवर पिवळे दिवे आणि घाटाच्या पायऱ्यांकडे, वीसेक मीटर दूर, एक पांढरा प्रखर दिवा. किडे तिकडे गेले. जनरेटर मंदिरामागे, मंडपापासून लांब, आणि साउंडची विजेची फेज दिव्यांपासून वेगळी, म्हणून स्पीकरमध्ये ती कायमची भुणभुण नव्हती.

गायकाने यमन पाऊण तास गायला, मग अभंग. नरसीचे नामदेव आणि गंगाखेडच्या जनाबाई या मुलखातल्याच. इथे अभंगाचं धृपद श्रोत्यांना शिकवावं लागत नाही. दुसऱ्या आवर्तनाला मागच्या बायकांनी ते अलगद उचललं आणि गायकाने जागा सोडून त्यांना गाऊ दिलं. हे ठरवून होत नाही, आणि आवाज अंगावर येणाऱ्या जागी तर होतच नाही, कारण स्वतःचा आवाज ऐकू आल्याशिवाय माणूस गात नाही.

दहाला पाच मिनिटं कमी असताना साउंडवाल्याने हात वर केला. नियम म्हणजे नियम, मंडप तीन बाजूंनी उघडा आहे. बाकीच्या ठिकाणी या वेळी पसायदान होऊन लोक उठतात. इथे कॉलम बंद झाले, टाळकरी थांबले, एकच जोडी उरली. पखवाजी दोन हात मागे सरकला आणि उघडी थाप सोडून बोटांनी वाजवू लागला. माईक बाजूला ठेवून भैरवी सुरू झाली. शेवटचा खांब गायकापासून १२ मीटरवर, तिथेही शब्द न् शब्द पोहोचत होता. त्या भिंतीने आणि त्या शांततेने काम केलं. वीस मिनिटांच्या त्या भैरवीत गळ्याचा जो दाणा ऐकू आला, तो कॉलममधून तीन तास ऐकूनही आला नव्हता. एवढी चांगली भैरवी मराठवाड्यात गेल्या कित्येक हंगामांत ऐकायला मिळालेली नाही.

उणिवा होत्याच. पहिला अर्धा तास दर्शनाला येणारा प्रत्येक जण घंटा वाजवत होता, विलंबिताची दोन आवर्तनं त्यात गेली. मग पुजाऱ्याने लोलकाला फडकं गुंडाळलं, ते सातलाच करायला हवं होतं. डाव्या बाजूच्या खांबांमागे बसलेल्या बायकांना गायक दिसत नव्हता. चपलांची व्यवस्था नाही, निघताना अंधारात शोधाशोध.

पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी साडेसहापर्यंत पोहोचावं, अंथरायला घोंगडी किंवा जाड चादर सोबत न्यावी, कारण आठनंतर दगड गार पडतो. बसायचं ते मधल्या दोन खांबांच्या ओळींमध्ये, गायकापासून सहा-सात मीटरवर. अगदी पुढे बसलं तर कॉलम डोक्यावरून जातात. लॉनवरच्या पहाटेचं तिकीट काढायचंच असेल तर आधी आयोजकांना फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: सत्कार गाण्याआधी आहे की मध्यंतरात, आणि साउंड लग्नाचा आहे की सप्ताहाचा.