चित्र-स्मॉकिंगचे बाळाचे कपडे: आठ महिन्यांच्या धुण्यानंतर

स्मॉकिंग म्हणजे कापडाला बारीक चुण्या घालून त्यांवर केलेलं भरतकाम, आणि चित्र-स्मॉकिंगमध्ये त्या टाक्यांतून चित्र भरतात. असे तीन कपडे आठ महिने आलटून पालटून वापरात होते. पहिला योकच्या (खांदे-छातीवरच्या सपाट तुकड्याच्या) खाली स्मॉक केलेला पट्टा असलेला फ्रॉक, त्यावर बदकांची रांग. दुसरा गळ्यापासून चुण्या सुटणाऱ्या घाटाचा झगा, म्हणजे बिशप, त्यावर चेरी. तिसरा रॉम्पर, म्हणजे वर-खाल एकसंध कपडा, छातीवर आगगाडी. तिन्ही हातचे, तिन्हींचं चित्र एकावर एक रचलेल्या केबल टाक्यांचं, म्हणजे शेजारच्या दोन-दोन चुण्या जोडणाऱ्या आडव्या टाक्यांचं. नवे होते तेव्हा तिन्ही सारखेच देखणे होते. आज फ्रॉक जवळजवळ तसाच आहे, रॉम्पर बरा आहे आणि बिशप घालवत नाही. या फरकाचं कारण सुलट्या बाजूला शोधून सापडत नाही, कपडा उलटा करून पाहावा लागतो.

बदकं अजून बदकंच आहेत, कारण फ्रॉकला मागून स्मॉकिंग आहे. चित्राचे टाके फक्त चित्रापुरत्या चुण्या धरतात. दोन बदकांमधल्या मोकळ्या जागेत चुण्यांना धरणारं काहीच नसतं. चुण्या गोळा करायला घातलेले कच्चे धावदोरे काढले की तिथे कापड हळूहळू पसरतं, चित्र आखडल्यासारखं दिसतं आणि त्याच्या कडेने फुगवटे येतात. म्हणून उलट्या बाजूने, कापडाच्याच रंगाच्या एक-दोन पदरांनी, धावदोऱ्याच्या प्रत्येक ओळीलगत सैलसर केबल किंवा लाटेचा टाका घालतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि पुढून दिसत नाही, त्यामुळे वगळलं जातं. रॉम्परला ते एक ओळ सोडून एक घातलं होतं. डब्यांच्या मध्ये आता जो ढिलेपणा दिसतो, तो नेमका न घातलेल्या ओळींवर आहे. चित्राच्या आधीच हे उरकून घेणं बरं: पट्ट्याची रुंदी पक्की होते आणि चित्र भरताना चुण्या सरकत नाहीत.

बिशप फसला तो घाटामुळे. बिशपमध्ये चुण्या गळ्याशी दाटीने असतात आणि खाली पंख्यासारख्या पसरतात. रचलेले केबल मात्र ताणत नाहीत, ते जवळजवळ भिंतच असतात. वरची चेरी गोल राहिली, खालची आडवी पसरली आणि तिच्या टाक्यांमधून कापड डोकावू लागलं. बिशपला लाटा, जाळी, हनीकोंब असे लवचीक टाकेच शोभतात. चित्र हवंच असेल तर गळ्यालगत एखादं छोटं, त्याहून जास्त नाही.

हाच ताठपणा मापातही आड येतो. लाटा-जाळीसारखं भौमितिक स्मॉकिंग बाळाबरोबर थोडं सैलावतं, चित्राचं सैलावत नाही. फ्रॉकला पट्टा फक्त पुढे आहे आणि पाठीला पूर्ण उघडणारी बटणपट्टी. त्यामुळे बटणं सरकवून तो अजून चालतो. रॉम्परला तशी सोय नाही, छातीवर तो आधी घट्ट झाला, लांबीला अजून पुरतो आहे.

आता टाका जवळून. चुण्या घालण्याच्या यंत्रात सुयांमधलं अंतर ३/८ इंच, म्हणजे साधारण ९.५ मिमी असतं. तेवढ्यात चार पदरी दोऱ्याच्या पाच-सहा ओळी बसतात. कापड तयार पट्ट्याच्या तिप्पट, पातळ असेल तर साडेतीनपट धरावं. सुई धावदोऱ्याला समांतर ठेवून चुणीच्या फक्त वरच्या तिसऱ्या हिश्श्यातून काढायची. खोल गेली की चुणी चपटी होते, वरवर गेली की धुण्यात टाका लोंबतो. एक केबल टाका शेजारच्या दोन चुण्या जोडतो: एकदा दोरा सुईच्या वर, पुढच्या वेळी खाली. खरी मेख दुसऱ्या ओळीत आहे. ज्या दोन चुण्यांवर आधीच्या ओळीत वरचा केबल आहे, त्याच दोन चुण्यांवर पुढच्या ओळीतही वरचाच केबल आला पाहिजे, तेव्हाच टाके विटांसारखे एकमेकांत बसतात. परतीची ओळ घालायला काम उलटं धरलं की वर-खाल बदलतं, आणि इथेच हात चुकतो. चुकलं की दोन ओळींमध्ये ठरावीक अंतराने छोटे डोळे उरतात. रॉम्परच्या इंजिनाच्या धुराड्यात असे तीन आहेत. कपडा नवा असताना ते लक्षात आले नव्हते, दोरा धुऊन बसल्यावर उघडे पडले.

एखादी चुणी सुटली किंवा दोन एकत्र धरल्या गेल्या तर तिथून पुढचं सगळं चित्र एका घराने सरकतं. त्यावर उसवण्यावाचून इलाज नाही. म्हणून सुरुवात चित्राच्या सर्वांत लांब ओळीपासून, आणि मधोमध असलेली दरी (दोन चुण्यांमधली खाच) वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने आधी खुणावलेली हवी. टाक्यांची संख्या विषम असेल तर मधला टाका बरोबर त्या दरीवर येतो.

दोरा सहापदरी असतो. त्यातले चार पदर एकदम ओढून काढू नयेत, एकेक सुटा करून पुन्हा जुळवावा. त्याने पदर शेजारी शेजारी सपाट पडतात आणि कापड झाकलं जातं. पीळ चढला तर सुई लोंबती सोडून तो उतरू द्यावा. चेरीला हे केलेलं दिसत नाही, टाके दोरीसारखे गोल आहेत आणि हनुवटी घासते तिथे तूसही तिलाच आधी आली. दोऱ्याची लांबी हातभर पुरे. लांब दोरा कापडातून फार वेळा जातो आणि झिजतो.

कापडाबद्दल थोडक्यात: घट्ट विणीचं, मध्यम जाडीचं सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र. फार झिरझिरीत कापडाला चार पदरांचं चित्र जड होतं, शिवाय मागचा गडद दोरा पुढे सावलीसारखा दिसतो. धावदोरे फिक्या रंगाचे घ्यावेत, गडद दोरा काढल्यावर छिद्रांत तंतू ठेवून जातो. आणि योक शिवून होईपर्यंत ते काढू नयेत.

बाळाला टोचतं ते मागचं. रॉम्परमध्ये एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत दोरा तसाच ओढत नेला होता, पाच-सहा चुण्या ओलांडून. कपडा चढवताना त्यात बाळाचं बोट अडकायचं. तीन चुण्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर दोरा तोडून नव्याने सुरू करावा. गाठ चुणीच्या कुशीत दडवावी, आणि पट्ट्याला आतून मऊ अस्तर द्यावं. फ्रॉकला ते आहे, आणि गळ्याखाली लाल वळ उठला नाही तो त्यामुळेच. चित्रातल्या डोळ्यांना मणी किंवा बारीक बटणं मुळीच नकोत, सुटली की थेट तोंडात जातात. गाठीचा टाका पुरतो, फक्त तो दोन वेगवेगळ्या चुण्यांवर पकडलेला असावा. एकाच चुणीवर असेल तर आत ओढला जातो: एका बदकाचा डोळा असाच गेला.

धुण्यात सर्वांत मोठा शत्रू दूध. ते चुण्यांच्या दऱ्यांत वाळतं आणि वरून कळत नाही. थंड पाण्यात लगेच भिजवावं. गरम पाण्याने दुधातली प्रथिनं घट्ट होऊन डाग धरतात. लाल आणि गडद निळा दोरा वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून पाहावा. चेरीच्या भोवती जी गुलाबी छटा आहे, ती पहिल्याच धुण्यातली. कपडा पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा, सावलीत आडवा पसरावा आणि ओला असतानाच बोटांनी चुण्या सरळ कराव्यात. इस्त्री टेकवायची नाही. दोन-तीन सेंटिमीटर वरून नुसती वाफ द्यायची. बिशपवर एकदा इस्त्री फिरली, त्या चुण्या नंतर वाफ देऊनही पूर्ण उठल्या नाहीत. ठेवतानाही घडी चित्रावरून घालू नये.

फ्रॉकचा घाट पुन्हा करण्यासारखा आहे, आगगाडीही, पण पाठीला पट्टी आणि प्रत्येक ओळीला मागचं स्मॉकिंग देऊन. तयार कपडा घेणार असाल तर आधी आतून पाहा. मागे कापडाच्या रंगाच्या टाक्यांच्या ओळी दिसल्या नाहीत, तर पुढचं चित्र कितीही गोड असो, कपडा परत ठेवा.